कोच कुठे बघतोय?

जयपूरहून सीकरच्या रस्त्याला लागलं की तीस-पस्तीस किलोमीटरवर चौमूं येतं. इथून पुढे शेखावाटी, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत मुलं पाठवणारा मुलूख. या पट्ट्यातल्या गावांमध्ये दोन जाहिराती हटकून दिसतात. एक ‘फिजिकल’ची, म्हणजे फौज आणि पोलीस भरतीच्या मैदानी तयारीची; दुसरी क्रिकेट अकॅडमीची. आपल्याकडे सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर पोलीस भरती अकॅडमीचे फलक लागतात, तसाच प्रकार. निवड झालेल्या मुलांचे फोटो, खाली मोबाइल नंबर आणि कोपऱ्यात गळ्यात शिट्टी अडकवलेले सर. फलक बघून आई-बाप पोराला घेऊन जातात, फी भरतात. सर कसे आहेत हे कळेपर्यंत एखाद-दोन वर्षं निघून जातात. तोवर पोराचा गुडघा तरी गेलेला असतो, नाहीतर हौस तरी.

फोटोंवरून एवढंच कळतं की त्या मैदानावर चार चांगली पोरं येऊन गेली. ती सरांमुळे चांगली झाली, की मुळात चांगली होती म्हणून फलकावर चढली, हे फोटो सांगत नाहीत. बाकीच्यांचं काय झालं, हेही नाही. बरं, सरांनी स्वतः मोठं क्रिकेट खेळलेलं असलं तर? त्यावरही डोळे मिटून विसंबू नये. जयपूरमध्येच घडलेली गोष्ट आहे.

ग्रेग चॅपेल म्हणजे कसोटीत 24 शतकं काढलेला फलंदाज, 2005 ते 2007 भारताचा कोच. पुढे तो राजस्थान क्रिकेट असोसिएशनच्या जयपूरच्या अकॅडमीचा प्रमुख झाला. 2008 मध्ये तिथल्या निवड चाचणीत पंधरा-सोळा वर्षांच्या दीपक चहरला त्याने वगळलं. मोठ्या पातळीवरचं क्रिकेट तुला जमणार नाही, असंही सुनावलं. चहर गेला तो वडिलांकडेच. हवाई दलात नोकरी केलेले लोकेंद्रसिंह हेच त्याचे पहिले कोच. नोव्हेंबर 2010 मध्ये त्याच जयपुरात, के. एल. सैनी मैदानावर, चहरने रणजी पदार्पण केलं आणि 10 धावांत 8 बळी घेतले. हैदराबादचा संघ 21 धावांत गुंडाळला गेला. रणजीच्या इतिहासात तोवर एवढ्या कमी धावांत कुणी बाद झालं नव्हतं. त्या मोसमात राजस्थानचा कर्णधार होता पुण्याचा हृषीकेश कानिटकर. प्लेट या खालच्या गटातून सुरुवात करून त्या संघाने थेट रणजी करंडक उचलला, आणि पुढच्या वर्षी तो राखलाही.

चॅपेलला क्रिकेट कळत नव्हतं, असं कोण म्हणेल? पण पंधराव्या वर्षी एका चाचणीत समोर दिसतं ते त्या दिवसाचं पोर. त्या वयात दोन मुलांच्या हाडामांसाच्या वाढीत दोन-तीन वर्षांचं अंतर सहज असू शकतं. ज्याला मिसरूड आधी फुटली तो जोरात टाकतो, आणि आपण त्याला गुणी म्हणतो. 1985 मध्ये कॅनडात रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी आइस हॉकी खेळणाऱ्या निवडक मुलांच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा त्यांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी निघाली. वयोगट 1 जानेवारीपासून मोजला जायचा. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ एका वर्षाने थोराड. कोचने थोराडपणालाच प्रतिभा समजून निवड केली होती. आपल्याकडे जन्मदाखल्यात वय चोरण्याचा उद्योग का चालतो, त्याचं उत्तरही यातच आहे.

याच्या शेजारी शिवाजी पार्कवरचा 1984 च्या उन्हाळ्यातला प्रसंग ठेवून बघा. अजित तेंडुलकर अकरा वर्षांच्या धाकट्या भावाला रमाकांत आचरेकरांकडे घेऊन गेला. नेटमध्ये सचिन बावरला, धड खेळलाच नाही. आचरेकर नाही म्हणणार होते. अजितने विनंती केली, की सर, तो तुमच्यासमोर बुजतोय; तुम्ही निघून गेल्यासारखं करा आणि लांबून बघा. आचरेकरांनी ते ऐकलं. एका झाडाआड उभं राहून त्यांनी पुन्हा पाहिलं आणि पोराला घेतलं.

ही गोष्ट महाराष्ट्रात इतक्या वेळा सांगून झाली आहे की तिच्यातला मुद्दा गुळगुळीत झालाय. आपण सांगतो नशिबाची गोष्ट: बघा, थोडक्यात केवढा हिरा हुकला असता! मला त्यात कोचिंगचा पहिला धडा दिसतो. कोच समोर उभा असला की पोराचा खेळ बदलतो. ज्याची परीक्षा घ्यायची त्यात आपणच ढवळाढवळ करतो आहोत, हे आचरेकरांना पटलं आणि ते स्वतः बाजूला झाले. दुसऱ्यांदा बघायला तयार होणं आणि आपण नसताना काय होतं ते बघणं, या दोन्ही गोष्टींना कुठलाही डिप्लोमा लागत नाही. पण त्यासाठी जो कमीपणा घ्यावा लागतो, तो भल्याभल्यांना जमत नाही.

बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत दिनेश लाड सरांनी रोहित शर्माला आधी घेतलं ते ऑफस्पिन गोलंदाज म्हणून. फी परवडत नव्हती, तर ती माफ करवून घेतली. पुढे एकदा हा मुलगा एकटाच नॉकिंग करताना त्यांच्या नजरेस पडला आणि त्यांनी त्याला फलंदाजीत वर आणलं. स्वतःच लावलेलं लेबल स्वतःच काढायला नजर जागी असावी लागते.

आता आचरेकर स्वतः किती मोठे खेळाडू होते? प्रथम दर्जाचा एक सामना. 1963-64 च्या मोसमात मोईन-उद-दौला स्पर्धेत स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध. बस. आणि त्यांच्या हाताखालून गेले बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर, रमेश पोवार. खेळणं आणि शिकवणं हे दोन वेगळे धंदे आहेत. उत्तम खेळाडूचं बरंचसं कौशल्य त्याच्या अंगात मुरलेलं असतं. ते आपण कसं करतो हे त्याला सांगताच येत नाही. ज्याला धडपडत, चुकतमाकत शिकावं लागलं त्याला पायऱ्या आठवतात. म्हणून न खेळलेलाच चांगला कोच होतो असं नाही, एवढं मात्र लक्षात ठेवावं. ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठलेल्या नेमबाज सुमा शिरूर यांच्याकडे पुढे येतोच.

आचरेकरांनी सचिनला काय शिकवलं, असं विचारलं तर तंत्राबद्दल सांगण्यासारखं फार थोडं सापडतं. त्याची बॅटची पकड खाली, दांड्याच्या बुडाशी. पुस्तकाप्रमाणे चुकीचीच. पण आचरेकरांच्या हाताखालून ती पकड तशीच शाबूत बाहेर पडली. त्यांनी केलं ते वेगळंच. पहिल्या वर्षी उन्हाळी सुट्टीच्या 60 दिवसांत या मुलाकडून 55 सराव सामने खेळवून घेतले. एका मैदानावर आउट झाला की स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर. दिवसभराच्या शेवटी, सगळे दमलेले असताना, नेटमधल्या सगळ्या मुलांना फिल्डिंगला लावायचे, मधल्या यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. जो सचिनला बाद करेल त्याचं नाणं. नाबाद राहिला तर सचिनचं. चेंडू उचलून मारला आणि कुणी झेलला तर संपलं, म्हणजे जमिनीलगतच खेळायचं. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. वर त्यानंतर पॅड आणि ग्लोव्हजसकट मैदानाला दोन फेऱ्या.

त्या नाण्याकडे जरा जवळून बघा. ‘चेंडू खाली ठेव’ हे वाक्य कुठेच उच्चारलेलं नाही. नियमच असा घातलाय की चेंडू खाली ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. ‘दमल्यावर लक्ष ढळू देऊ नकोस’ असं व्याख्यान नाही. दमलेला असतानाच डाव मांडलाय. समोरच्या प्रत्येक पोराला तो बाद व्हायला हवाय, म्हणजे सामन्याचा दाब आयताच तयार. शिकवणारा गप्प आणि शिकवणी चालू! चांगल्या कोचचं निम्मं काम असं घरी बसून विचार करण्याचं असतं: या पोराला आज काय कमी पडतंय, आणि ते त्याच्याकडून आपोआप होईल असा कुठला खेळ मांडू?

याउलट प्रत्येक चेंडूनंतर ‘कोपर वर’, ‘डोकं खाली’, ‘पाय काढ’ असा धोशा लावणारे सर पालकांना फार आवडतात. फी वसूल होतेय असं वाटतं. पण शिकण्याच्या शास्त्राने या सवयीला कधीच लाल दिवा दाखवलाय. 1984 मध्ये साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासून एक चमत्कारिक गोष्ट मांडली. प्रत्येक प्रयत्नानंतर लगेच चूक सांगितली, तर सरावात सुधारणा झपाट्याने दिसते. पण सांगणारा गेला की ती टिकत नाही. शरीर त्या बाहेरच्या आवाजाची कुबडी धरतं. आपली चूक आपल्या हाताला, पायाला, कानाला कशी जाणवते, हे ते शिकतच नाही. सामन्यात सर सीमारेषेबाहेर असतात आणि कुबडी त्यांच्याबरोबर बाहेर. थोड्या वेळाने, चार-पाच प्रयत्नांनंतर, तेही आधी ‘तुला काय वाटलं?’ विचारून सांगितलेलं जास्त मुरतं.

सरावाच्या आखणीतही हेच. 1986 मध्ये गुड आणि मॅगिल यांनी नवशिक्यांना बॅडमिंटनच्या तीन तऱ्हेच्या सर्व्हिस शिकवल्या. एका गटाने आज एकच सर्व्हिस, उद्या दुसरी, अशी घोटली. दुसऱ्याने तिन्ही उलटसुलट मिसळून केल्या. नंतरच्या परीक्षेत मिसळून करणारे पुढे गेले. मिसळलेला सराव बघायला गबाळा वाटतो, चुका जास्त होतात, पालक कुरकुरतात. पण प्रत्येक वेळी ‘आता कुठली?’ हा निर्णय खेळाडूला नव्याने घ्यावा लागतो, आणि सामना म्हणजे असलेच निर्णय. 55 सामन्यांचा उन्हाळा कुठल्या तत्त्वावर चालला होता, ते आता कळेल. आचरेकरांनी हे शोधनिबंध वाचले असण्याची काही गरज नव्हती. मैदानं त्यांच्या पायाखालची होती.

कौतुकाचं काय? 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सचिनने सांगितलं, की 29 वर्षांत सरांनी एकदाही मला ‘छान खेळलास’ म्हटलं नाही. मी सुस्तावेन अशी त्यांना धास्ती होती. तेव्हापासून हे वाक्य प्रत्येक तुसड्या कोचने आपलं प्रमाणपत्र करून टाकलंय. शारदाश्रम या आपल्या शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना बघायला म्हणून सचिनने स्वतःचा सराव सामना बुडवला, तेव्हा आचरेकरांनी कानाखाली दिली आणि दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला येऊ नकोस, लोकांनी तुझ्यासाठी वाजवाव्यात असा खेळ, असं बजावलं. हाही किस्सा लाडका. त्या एका थपडेच्या जोरावर महाराष्ट्रात किती पोरांनी मार खाल्ला असेल देव जाणे. हा किस्सा आपल्याला सांगतो आहे तो जिंकलेला मुलगा. मार खाऊन मैदानाकडे पाठ फिरवली ती मुलं भाषणं करत नाहीत. आणि मुख्य म्हणजे आचरेकर कौतुक करत नसत तेव्हा संध्याकाळ-संध्याकाळ उभं राहून बघत असत, स्वतःच्या स्कूटरवर नेत असत. पोराला ते कळत होतं. बघणंही नाही आणि कौतुकही नाही, त्याला शिस्त म्हणत नाहीत.

अमेरिकेत जॉन वुडन नावाचा बास्केटबॉलचा कोच होऊन गेला. यूसीएलए विद्यापीठाला त्याने बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. त्याच्या शेवटच्या मोसमात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ सरावाला जाऊन बसले आणि 15 सत्रांत त्याने शिकवताना काय-काय केलं त्याच्या 2,326 नोंदी केल्या. स्तुती सातेक टक्के, रागावणंही जवळपास तितकंच. साधारण पाऊण वाटा निव्वळ माहितीचा: काय कर, कसं कर, असं नको, असं. वाक्यं छोटी. नव्या खेळाडूंना तो पहिल्या दिवशी मोजे कसे घालायचे ते शिकवायचा. मोज्याला चुणी पडली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. एवढ्या यशस्वी कोचची सुरुवात मोज्यापासून होते, हे प्रेरणादायी भाषणांवर पोट भरणाऱ्या मंडळींनी ध्यानात घ्यावं.

आपल्याकडे म्हण आहे, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. तालमीत शिष्य उलटला तर उपयोगी पडावा म्हणून. आचरेकरांनी तो राखला नसावा, असं म्हणायला एक मोठा पुरावा आहे. जून 2022 मध्ये बंगळूरुच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजीचा अंतिम सामना झाला, मुंबई विरुद्ध मध्य प्रदेश. एका बाजूचा कोच अमोल मुझुमदार, दुसऱ्या बाजूचा चंद्रकांत पंडित. दोघेही आचरेकरांचेच. पंडितने याच मैदानावर 1998-99 मध्ये मध्य प्रदेशचा कर्णधार म्हणून अंतिम सामना गमावला होता. 23 वर्षांनी त्याच संघाला त्याने पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. त्याआधी विदर्भाला लागोपाठ दोनदा. कडक शिस्तीचा माणूस. ज्या संघांना आपण जिंकू शकतो हेच ठाऊक नव्हतं, तिथे ती कडक शिस्त लागू पडली. आयपीएलमध्ये कोलकात्याच्या संघात मात्र ही लष्करी पद्धत परदेशी खेळाडूंना रुचली नाही, असं त्या संघातून खेळलेल्या डेव्हिड वीसाने पुढे बोलून दाखवलं. त्याच संघाने 2024 चं विजेतेपदही पंडितच्याच हाताखाली मिळवलं, म्हणजे हिशेब सरळ नाही. विशीतला होतकरू आणि जगभर खेळून आलेला व्यावसायिक यांना एकाच काठीने हाकता येत नाही, एवढं खरं.

मुझुमदारची गोष्ट आणखी वेगळी. फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत सचिन आणि कांबळी यांनी 664 धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो. पुढे रणजी पदार्पणात 260, प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये 11 हजारांवर धावा, पण भारताची टोपी नाही. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला तेव्हा कोच म्हणून तो उभा होता. सगळ्यांनी लिहिलं, ज्याने आयुष्यभर वाट पाहिली त्यालाच खेळाडूंचं मन कळलं. हे सिनेमाचं तर्कशास्त्र झालं. नेदरलँड्स, राजस्थान रॉयल्स, दक्षिण आफ्रिका, मुंबई अशी दहा वर्षं त्याने हा धंदा शिकण्यात घातली होती, ते जास्त महत्त्वाचं. साखळीत लागोपाठ तीन सामने हरल्यावर संघ कोलमडायला हवा होता. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने 339 धावांचं आव्हान ठेवलं, तेव्हा त्याने फळ्यावर लिहिलेला मजकूर एका ओळीचा: अंतिम फेरीसाठी त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी. इंग्लंडविरुद्ध संघाबाहेर बसवलेल्या जेमिमा रॉड्रिग्जला तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं आणि तिने नाबाद 127 काढल्या. दाबाच्या वेळी डोक्यात फार शब्द मावत नाहीत. तिथे एकच ओळ द्यावी आणि ती बरोबर असावी.

मुळीच बोलायचं नाही, असाही खेळ आहे. रायफल नेमबाजीत सामना चालू असताना कोच तोंडाने काही सांगू शकत नाही, खाणाखुणा चालतात. दहा मीटरवरच्या एअर रायफलच्या निशाण्यात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. हृदयाचा ठोका पडला तरी नळीचं टोक हलतं. जयपूरची अवनी लेखरा या खेळात येण्याचं कारण म्हणजे 2012 मधला मोटार अपघात. मणक्याला इजा झाली, कमरेखालचं शरीर गेलं. तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची होती. जयपूरच्या जगतपुरा रेंजवर तिने बंदूक उचलली. पुढे तिच्या मागे उभ्या राहिल्या त्या पनवेलच्या ‘लक्ष्य’ शूटिंग क्लबच्या सुमा शिरूर, 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठलेल्या नेमबाज.

आता सुमाताईंसमोरची अडचण बघा. उभा नेमबाज वजन दोन्ही पायांवर तोलतो, कंबर किंचित पुढे काढतो आणि बंदूक पेलणाऱ्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो. सगळा मनोरा हाडांवर उभा. त्यांचं स्वतःचं सारं कौशल्य याच मनोऱ्याचं. अवनीचा प्रकारही कागदोपत्री ‘स्टँडिंग’च, पण तो चाकाच्या खुर्चीत बसून, आणि कोपराला टेबलाचा किंवा खुर्चीचा आधार चालत नाही. कंबर पुढे काढायची सोय नाही, पाय तोल धरत नाहीत. धड सावरायचं ते फक्त वरच्या स्नायूंनी. म्हणजे कोचने आपल्या अंगात भिनलेलं सगळं गुंडाळून ठेवायचं आणि समोरच्या शरीराला काय शक्य आहे तिथून सुरुवात करायची. खुर्चीत बसण्याची ठेवण, उशीची जाडी, श्वास कुठे सोडायचा, असल्या बारीकसारीक गोष्टींवर या खेळातली वर्षं जातात.

टोकियोत 30 ऑगस्ट 2021 ला अवनीने 249.6 गुणांनी सुवर्ण घेतलं, पॅरालिंपिकमध्ये सोनं मिळवणारी पहिली भारतीय महिला. पॅरिसमध्ये बरोबर तीन वर्षांनी, 30 ऑगस्ट 2024 ला, शेवटची गोळी उरली तेव्हा ती कोरियाच्या ली युनरीपेक्षा 0.8 ने मागे होती. अवनीने 10.5 मारले. लीची गोळी 6.8 वर गेली. 249.7 गुण, दुसरं सुवर्ण. त्या शेवटच्या गोळीला कुठला कोच काय सांगणार होता? जे सांगायचं ते आधीच, रोजच्या सरावात मुरलेलं असायला हवं.

नेमबाजीत वस्तादाने डाव न राखण्याचं फळ मुंबईने आणखी एकदा पाहिलंय. संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे तयार झाल्या. सुमा आणि दीपाली या दोघी पुढे स्वतः द्रोणाचार्य पुरस्काराच्या मानकरी झाल्या, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने कांस्य जिंकलं ते दीपालीताईंचा शिष्य म्हणून. एका कोचपासून निघालेली रांग अशी दोन पिढ्या पुढे जाते.

पण चौमूंच्या किंवा साताऱ्याच्या बहुतेक मुलांना ऑलिंपिक खेळायचं नसतं. भरती व्हायचं असतं. राजस्थान पोलिसांच्या शिपाई भरतीत मुलांना 25 मिनिटांत 5 किलोमीटर धावावं लागतं, मुलींना 35 मिनिटांत. महाराष्ट्रात मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. इथे कोचची पारख एका साध्या वहीवर होते. कुणी कधी किती पळालं, कुणाची नडगी दुखते, हे तो लिहून ठेवतो का? धावायला लागलं की दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध पक्के व्हायला कित्येक महिने लागतात. भरतीची तारीख जाहीर झाली की डांबरी रस्त्यावर एकदम दुप्पट पळवणारे सर याच फटीत पोरांच्या नडगीची हाडं मोडतात. हाडाला पडलेली बारीक चीर दोन-दोन महिने उठू देत नाही, आणि भरती तेवढ्यात होऊन जाते.

उन्हाचंही तेच. मे महिन्यात जयपूरचा पारा चाळिशी ओलांडतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी पूर्ण सराव लावणं म्हणजे जिवाशी खेळ. पोरगं बरळायला लागलं, कोसळलं, तर आधी जागच्या जागी गार पाण्याने, बर्फाने थंड करायचं, मग दवाखान्यात हलवायचं. हा क्रम ज्या कोचला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येत नाही, त्याच्या हाती उन्हाळ्यात मूल देऊ नये. मैदानावर पाणी पिऊ न देणारे ‘कडक’ सर अजून आहेत, आणि त्यात त्यांना मर्दुमकी वाटते. हा अडाणीपणा आहे.

धोका फक्त उन्हाचा नसतो. जे मैदान पालकांना बघायला बसू देत नाही, जिथे एकट्या मुलीला ‘खास सरावा’साठी थांबवलं जातं किंवा सर रात्री खासगी मेसेज पाठवतात, तिथून मूल त्याच दिवशी काढावं. पदकं कितीही असोत.

कोच शिकवून तयार करता येतात का? बऱ्याच अंशी येतात. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी शाळकरी मुलांच्या बेसबॉल कोचना काही तासांचं प्रशिक्षण दिलं: चांगल्या प्रयत्नाची लगेच दखल घ्या, चुकीनंतर आधी धीर द्या मग दुरुस्ती सांगा, शिक्षा करू नका. 1992 च्या त्यांच्या अभ्यासात अशा प्रशिक्षित कोचकडची 5 टक्के मुलं पुढच्या मोसमात खेळ सोडून गेली. बाकीच्या कोचकडची 26 टक्के. दोन्हीकडच्या संघांच्या हार-जितीत मात्र फरक नव्हता. म्हणजे मुलं हरल्यामुळे जात नव्हती, कोचमुळे जात होती. आपल्या जिल्हा क्रीडा कार्यालयांनी असली दोन दिवसांची शिबिरं शाळांच्या पीटी शिक्षकांसाठी भरवली तर फारसा खर्चही येणार नाही.

तोवर पालकांनी एक करावं. फलकावरचा नंबर लावण्याआधी न सांगता मैदानावर जावं आणि तासभर कट्ट्यावर बसावं. फलकावर ज्याचा फोटो येणार त्या पोराकडे बघू नका. शेवटच्या रांगेतल्या, बूट फाटलेल्या पोराची पाळी येईपर्यंत थांबा. त्याची पाळी आली की सर मोबाइलमध्ये बघतात की त्याच्याकडे, एवढं पाहून घ्या. फी पुढच्या आठवड्यात भरली तरी चालते.